धारचा बाजीराव, देवासची गजराबाई

मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत फक्त एका अनुस्वाराचं अंतर आहे, आणि हल्ली बारशाच्या दिवशी तेही मिटतं. पाळण्यातल्या बाळाचं नाव जाहीर होतं, पेढे वाटले जातात, आणि घरी परतताना गाडीतली मंडळी त्या नावाला नावं ठेवू लागतात. ‘हे कसलं नाव? उच्चारायला जीभ वळत नाही!’ किंवा उलट, ‘एवढं जुनं नाव? पोराला शाळेत चिडवतील!’

आजच्या आईबापांचे दोन पंथ आहेत. एक पंथ संस्कृत कोश धुंडाळून कुणी कधी ऐकलं नसेल असं नाव शोधतो. दुसरा पंथ मागे वळून अहिल्या, रमा, माधव, यशवंत, विष्णू अशी नावं पेटीतल्या पैठणीसारखी बाहेर काढतो. आपल्या गोव्यात तर मंगेश, नागेश, रामनाथ, दामोदर, शांता ही नावं एके काळी वाड्यावाड्यावर हाकेला ओ देत असत. आता एखाद्या बालवाडीत दामोदर निघाला तर बाईंना कौतुक वाटतं. गंमत म्हणजे दोन्ही पंथांचं म्हणणं एकच असतं: वर्गात दुसऱ्या कुणाचं नसावं.

पण जी नावं आज आपल्याला हौसेची वाटतात, ती पूर्वी हौसेने ठेवली जात होती का? मध्यंतरी मी माळव्यातल्या मराठी संस्थानांचा इतिहास वाचत होते. धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. मराठ्यांच्या इतर मोठ्या दौलतींच्या मानाने लहान, पण त्यांच्या वंशावळी वाचताना या प्रश्नाचं उत्तर मिळत गेलं.

धारच्या किल्ल्यापासूनच सुरुवात करू. नारायणराव पेशव्यांचा खून 1773 साली झाला आणि पुण्यात बारभाईंनी राघोबादादांविरुद्ध फळी धरली. 18 एप्रिल 1774 ला पुरंदरावर नारायणरावांच्या विधवा पत्नीला, गंगाबाईंना मुलगा झाला. त्याचं नाव माधवराव ठेवलं. हे त्याच्या चुलत्याचं नाव, पानिपतानंतर दौलत सावरणाऱ्या थोरल्या माधवरावांचं. इकडे राघोबादादांनी आपल्या गरोदर पत्नीला, आनंदीबाईंना, धारच्या पवारांच्या आश्रयाला ठेवलं. 10 जानेवारी 1775 ला धारच्या किल्ल्यात त्यांना मुलगा झाला, आणि त्याचं नाव ठेवलं बाजीराव.

आजोबांचं नाव नातवाला देण्याची चाल आपल्याकडे जुनीच. स्वतः नानासाहेब पेशव्यांचं खरं नाव बाळाजी, म्हणजे आजोबा बाळाजी विश्वनाथांचं. त्या रीतीने पाहिलं तर राघोबादादांच्या मुलाचं नाव बाजीराव असणं सरळच आहे. पण नऊ महिन्यांच्या आत, दोन किल्ल्यांवर, दोन वैरी पक्षांत दोन बाळं जन्मली आणि दोघांनाही दोन पराक्रमी पेशव्यांची नावं मिळाली. मला यात रीतीपेक्षा जास्त काही दिसतं. ज्यांना अजून मान धरता येत नव्हती त्या मुलांच्या नावातच दोन पक्षांचे दावे लिहिलेले होते. पुढे काय झालं ते आपण जाणतोच. सवाई माधवराव एकविसाव्या वर्षी शनिवारवाड्यात पडून गेले. दुसरे बाजीराव 1818 साली माल्कमच्या स्वाधीन झाले आणि 1851 मध्ये ब्रह्मावर्ताला वारले. सगळं आयुष्य त्यांची तुलना आजोबांशी झाली, आणि अजूनही होते. दुसरं कुठलंही नाव असतं तर इतिहासाने त्यांना थोडी दया दाखवली असती की काय, असं कधी कधी वाटतं.

आता पवारांच्या वंशावळीकडे येऊ. धारच्या गादीवर दोनशे वर्षांत चार आनंदराव, दोन यशवंतराव आणि दोन रामचंद्रराव झाले. पहिले यशवंतराव 1761 साली पानिपतावर पडले. देवासची कथा तर आणखी निराळी. तुकोजी आणि जिवाजी हे दोन भाऊ तिथे आले आणि एकाच गावात दोन राज्यं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीची यादी वाचून पाहा: तुकोजी, कृष्णाजी, तुकोजी, रुक्मांगदराव, कृष्णाजी, तुकोजी, विक्रमसिंह, कृष्णाजी. रहाटाच्या गाडग्यांसारखी तीच नावं खाली जातात आणि भरून वर येतात.

या यादीत जन्मनाव आणि गादीचं नाव नेहमी एक नसतं, हे थोडं खोलात गेल्यावर कळतं. धारला 1807 साली दुसरे आनंदराव वारले. त्यांच्या मागे मैनाबाईंना मुलगा झाला, रामचंद्रराव. तो तीन वर्षांचा होण्याच्या सुमारास गेला. चहूबाजूंनी शिंदे-होळकरांच्या फौजांचा आणि पेंढाऱ्यांचा धुमाकूळ चालू असताना राज्य टिकवायचं तर वारस हवा. मैनाबाईंनी आपल्या बहिणीचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचंही नाव रामचंद्रच ठेवलं. वंशावळीत त्यांच्यापुढे ‘दुसरे’ एवढाच शब्द येतो. एका आईने गेलेल्या लेकराचं नाव दुसऱ्या लेकराला दिलं, की एका राज्यकर्त्या बाईने राज्याचा धागा तुटू दिला नाही? मला वाटतं, दोन्ही. पण त्या मुलाचं आधीचं नाव काय होतं, हे विचारायची गरज यादीला कधी भासली नाही.

देवासच्या तिसऱ्या तुकोजीरावांचंही तसंच. हे 1888 साली जन्मले तेव्हा केशवराव होते. निपुत्रिक चुलत्यांच्या गादीवर आले आणि तुकोजी झाले. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार 1921 साली यांचाच खाजगी चिटणीस होता. त्याने पुढे 1953 मध्ये देवासवर पुस्तक लिहिलं. त्यात हे महाराज पुष्कळदा ‘बापूसाहेब’ म्हणून भेटतात. म्हणजे घरचं नाव माणसांनी जपलं, गादीचं नाव कागदांनी. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंह, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे नातू. या नावात पवारांचा सगळा अभिमान होता. पवार स्वतःला परमारांचे वंशज म्हणवतात, आणि माळवा म्हणजे विक्रमाची उज्जयिनी आणि भोजाची धारानगरी. पण 1947 साली विक्रमसिंह कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले, तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते, स्वतः राजे होते, मुलाचे बाप होते. तरी नाव बदललं. ते छत्रपती शहाजी झाले.

इथे एक गोष्ट जाता जाता सांगायला हवी. शहाजी हे नाव नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून आलं, अशी परंपरा आहे. देवासच्या धाकट्या पातीत एक हैबतराव होऊन गेले. ‘हैबत’ हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ धाक, दरारा. दौलतराव तसाच. ‘अस्सल जुनं मराठी नाव’ शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आपल्या जुन्या नावांत संस्कृत आहे, देशी आहे आणि फारसीही आहे, आणि ती सगळी आपलीच आहेत.

आतापर्यंत पुरुषांचं झालं. या याद्यांत बायका कुठे आहेत?

देवासच्या घाटगे घराण्यात गजराबाई नावाची मुलगी होती. 1885 साली तिचं लग्न बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांशी झालं. सयाजीराव स्वतः मुळात गोपाळराव, कवळाण्याच्या एका शेतकरी घरातून 1875 साली दत्तक आलेले. त्यांच्या पहिल्या पत्नी तंजावरच्या. माहेरचं नाव लक्ष्मीबाई, सासरचं चिमणाबाई. त्या 1885 मध्येच वारल्या. त्याच वर्षी देवासहून नवी राणी आली आणि तिलाही नाव मिळालं चिमणाबाई! धारच्या दुसऱ्या रामचंद्ररावांसारखंच हे. माणूस बदललं, नाव तेच राहिलं.

याच चिमणाबाईंनी पुढे पडदा सोडला, 1911 साली हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत सहलेखकासोबत पुस्तक लिहिलं, आणि 1927 च्या जानेवारीत पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष होत्या. आणि ज्या नावाने त्या इतिहासात गेल्या ते त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. गजराबाई हे नाव देवासच्या वेशीवरच राहिलं.

त्यांच्या मुलीने, इंदिराराजांनी, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं लग्न मोडलं आणि कूचबिहारच्या राजपुत्राशी आपल्या पसंतीने लग्न केलं. त्याच माधवरावांनी पुढे इंग्लंडच्या राजाराणीच्या नावांवरून आपल्या मुलांची नावं मेरी कमला आणि जॉर्ज जिवाजी ठेवली. म्हणजे पुरंदर आणि धारची गोष्ट नव्या काळात पुन्हा घडली, राजकारण पाळण्यात आलं. इंदिराराजांनी मात्र वेगळंच केलं. 1919 साली लंडनला त्यांना मुलगी झाली, तेव्हा त्या रायडर हॅगार्डची एक कादंबरी वाचत होत्या. नायिकेचं नाव आयेशा. मुलीचं नाव झालं आयेशा! दरबारी नाव गायत्री. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी त्या ह्याच. घरची माणसं त्यांना शेवटपर्यंत आयेशा म्हणत. आजीचं नाव दरबाराने ठरवलं, नातीचं आईच्या हातातल्या कादंबरीने. पस्तीस वर्षांत केवढा पल्ला!

आपल्या गोव्याचा धागाही इथे जवळच सापडतो. देवासपासून इंदूर काही फार लांब नाही. तिथे 28 सप्टेंबर 1929 ला मंगेशीच्या मास्टर दीनानाथांना मुलगी झाली. नाव ठेवलं हेमा. पुढे ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून ती लता झाली. बाकी सांगायला नको. तेव्हा लता हे काही घरोघरचं नाव नव्हतं. पुढे ते घरोघरचं झालं ते तिच्यामुळे. दीनानाथांनी तर आडनावही कुलदैवताच्या गावावरून घेतलं. म्हणजे मुलीचं नाव रंगभूमीचं आणि आडनाव देवळाच्या गावाचं, नवं आणि जुनं एकाच सहीत.

आता आपल्या घरात डोकावून पाहू. आमच्या घरी एक वंशावळ आहे. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी पुरुषांची नावं त्यात पार वरपर्यंत चढत जातात. तीच दोन-तीन नावं, देवासच्या तुकोजी-कृष्णाजींसारखी आलटून पालटून. बायकांची नावं आहेत तिथेही ती सासरची. लग्नात ताटभर तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव टिकलं, आणि बापाच्या घरी आत्याने कानात सांगितलेलं नाव माहेरच्या माणसांबरोबर संपलं. राजघराण्याची रीत आणि आपल्या साध्या घरांची रीत वेगळी नव्हती. फरक एवढाच की गजराबाई कोण होती हे निदान पुस्तकात सापडतं.

म्हणून जुनं नाव शोधणाऱ्या तरुण आईबापांना मला एक सुचवायचं आहे. आजोबांचं नाव नातवाला देण्याची चाल आपण शेकडो वर्षं पाळली. पणजीचं माहेरचं नाव पणतीला का देऊ नये? गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून जन्म-विवाहाची नागरी नोंदणी आहे. पुष्कळ घरांच्या बाबतीत त्या नोंदींत ही नावं अजून शाबूत असतील. नाहीतर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पण लवकर विचारा. वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल असं नाव हवं ना? ते कोशात शोधण्याआधी घरात शोधावं.

आणि नाव दिल्यावर ते ओझं होऊ देऊ नये. धारच्या किल्ल्यातल्या त्या बाळाला बाजीराव म्हणताना आईबापांनी त्याच्याकडून आजोबांच्या पराक्रमाची अपेक्षा धरली, ती त्याला पेलली नाही. पणजीचं नाव द्यावं ते तिची आठवण म्हणून. तिच्यासारखं राहण्याची सक्ती त्यात नसावी.

देवासमध्येच याचं एक फार सुंदर उदाहरण आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली नावाचा मुलगा बालपणीच कुमार गंधर्व झाला, आणि ती उपाधीच त्याचं नाव बनली. क्षयाने आजारी असताना 1948 साली ते देवासला आले आणि 1992 साली जाईपर्यंत तिथलेच राहिले. मुलीचं नाव त्यांनी कलापिनी ठेवलं. कलापी म्हणजे मोर, असं नाव तेव्हा तरी क्वचितच ऐकू येत असे. मुलाचं नाव मुकुल. तो मुलगाही गवई झाला. आणि आपलं नाव तो काय सांगतो? मुकुल शिवपुत्र. जगाने विसरलेलं वडिलांचं पाळण्यातलं नाव त्याने आपल्या नावापुढे लावलं आणि गाणं मात्र स्वतःच्या वाटेने गायलं.