सापशिडी नव्हे, ज्ञानबाजी



दिवाळीत घर भरतं. आश्विन अमावास्येच्या पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवून आलो, फराळ झाला, की दुपारी प्रश्न उभा राहतो: आता पंधरा-वीस माणसांनी एकत्र बसून करायचं काय? पुरुषमंडळी पत्ते काढतात. आधी नुसते पत्ते, मग ‘गंमत म्हणून’ दहा-दहा रुपये. ज्या दिवशी भगवान महावीरांना निर्वाण मिळालं आणि संध्याकाळी गौतम गणधरांना केवलज्ञान झालं, त्याच दिवशी आपल्या घरात सप्तव्यसनांतलं पहिलं व्यसन सतरंजी टाकून बसतं. मी बरीच वर्षं नुसती कुरकुर करत होते. एका दिवाळीत मात्र पत्त्यांच्या शेजारीच मुलांची सापशिडी मांडली. तिथून मला या खेळाचा इतिहास वाचायचा नाद लागला. तो आज तुम्हांला सांगते, कारण तो आपल्याच घरातला आहे.

सापशिडी इंग्रजांनी आणली असं आपल्यातल्या पुष्कळजणी समजतात. खरं तर ती इथून तिकडे गेली. आपल्याकडे तिला ज्ञानचौपड म्हणत, आणि गुजरात-राजस्थानातल्या जैन घरांत ज्ञानबाजी. कापडावर किंवा कागदावर रंगवलेला पट, खेळायला कवड्या आणि ज्याची त्याची सोंगटी, एवढंच सामान. जुने पट जे शिल्लक आहेत ते मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातले. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असे पट जपलेले आहेत. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातले अभ्यासक अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ साली या खेळावर मोठा लेख लिहिला. तेव्हापासून त्याचा अभ्यास नीट सुरू झाला.

हे पट सगळ्यांचे सारखे नव्हते. वैष्णवांचा पट ७२ घरांचा, त्यात ६८ वं घर वैकुंठाचं. तिथे नेमकं थांबता आलं तर सुटका. दान जास्त पडलं आणि सोंगटी पुढे गेली, तर ७२ व्या घरात तमोगुणाचा साप वाट बघत असतो. तो पुन्हा पृथ्वीवर आणून सोडतो. आपल्या महाराष्ट्रात याच जातीच्या खेळाला मोक्षपट म्हणतात आणि तो संत ज्ञानेश्वरांनी रचला असं परंपरा सांगते. सूफींचेही पट होते. जैनांचा पट बहुधा ८४ घरांचा. ८४ म्हटलं की आपल्याला ८४ लाख योनी आठवल्याशिवाय राहत नाहीत.

जैन पट नुसता चौकोन नसतो, हे मला फार आवडलं. त्याच्या मांडणीत आपला लोक आहे, पाठशाळेत भिंतीवर लावलेल्या तक्त्यात बघतो तोच. खाली नरक, मध्ये मनुष्यलोक, वर देवलोक, आणि सगळ्यांच्या माथ्यावर सिद्धशिला. घराघरांत नावं लिहिलेली. सोंगटी खालून निघते, एक ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, अशी नागमोडी वर चढते. पुण्याच्या घरात शिडी, पापाच्या घरात साप. आणि साप शिड्यांपेक्षा जास्त! लहानपणी मला वाटायचं, खेळ करणाऱ्यानं साप थोडे कमी काढले असते तर काय बिघडलं असतं. आता कळतं, ते मुद्दाम होतं. चढणं अवघड आणि घसरणं सोपं, हे त्यांना सांगायचंच होतं.

आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं समजवायला नको. चौदा गुणस्थानांचा पाठ आपण घोकलेला असतो. उपशम श्रेणीनं चढलेला जीव अकराव्या गुणस्थानापर्यंत पोचतो, आणि तिथून त्याला खाली यावंच लागतं, कारण मोह दबलेला असतो, नष्ट झालेला नसतो. क्षपक श्रेणीवाला दहाव्यावरून थेट बाराव्यात जातो, त्याला परतणं नाही. सापशिडी खेळताना अगदी वरच्या ओळीतला साप गिळतो तेव्हा मला दर वेळी हे अकरावं गुणस्थान आठवतं. आणि देवलोकात पोचलो म्हणून हुरळायचंही कारण नाही. देवगतीतून थेट मोक्ष नाही. सर्वार्थसिद्धीतल्या देवालासुद्धा एकदा मनुष्यजन्म घ्यावाच लागतो.

हा खेळ पर्युषणात खेळला जाई, अशी नोंद आहे. वाचून मी थबकले. पर्युषणात कवड्या? जिथे द्यूत हे पहिलं व्यसन, तिथे व्रताच्या दिवसांत दान टाकायचं? पण विचार केला तेव्हा त्यातलं शहाणपण दिसलं. उपवासाची दुपार लांब असते. मुलं कंटाळतात, मोठ्यांची जीभ सैल सुटते, निंदा सुरू होते. कवडीचा मोह माणसाला आहेच. मग कवडी राहू द्यायची, पैज काढून टाकायची आणि समोर पट मांडायचा लोकाचा. हरणाऱ्याचं काही जात नाही, जिंकणाऱ्याच्या पदरी दुसऱ्याचं काही येत नाही. मला तरी हा अर्थ पटतो.

जे जुने जैन पट सापडतात ते मुख्यतः श्वेतांबर घरांतले, गुजरात-राजस्थानकडचे. आपल्या दक्षिण महाराष्ट्रातल्या दिगंबर घरांत माझ्या आठवणीत असा पट कोणाकडे नव्हता. होती ती बाजारातली, पुठ्ठ्याची. तिच्यामागची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडला गेला. १८९२ साली लंडनच्या एफ. एच. एअर्स यांनी त्याची इंग्रजी आवृत्ती नोंदवली. तिथल्या सुरुवातीच्या पटांवरही सद्गुण-दुर्गुण होते, पण त्यांच्या पद्धतीचे. काटकसर आणि उद्योग यांनी वर जायचं, आळसानं दारिद्र्यात पडायचं. साप आणि शिड्याही त्यांनी सारख्या केल्या. मोक्ष गेला आणि त्याच्या जागी यश आलं. पुढे तीही नावं पुसली गेली, राहिले नुसते आकडे. अमेरिकेत १९४३ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीनं सापही काढून टाकले आणि घसरगुंड्या ठेवल्या. हाच बिननावाचा पट फिरून आपल्या घरी आला, आणि आपण त्याला विलायती समजलो.

म्हणून त्या दिवाळीच्या पुढच्या वर्षी मी ठरवलं, नावं परत लिहायची. बाजारातलाच शंभर घरांचा पट घेतला आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. सापांच्या तोंडाशी पाच पापं आणि चार कषाय: हिंसा, असत्य, चोरी, कुशील, परिग्रह, क्रोध, मान, माया, लोभ. शिड्यांच्या पायाशी चार दानं, म्हणजे आहार, औषध, शास्त्र आणि अभय. शिवाय क्षमा आणि स्वाध्याय. खालच्या ओळीत रत्नप्रभेपासून महातमःप्रभेपर्यंत सात नरक आणि शंभराच्या घरात चंद्रकोरीसारखी सिद्धशिला. खर्च म्हणाल तर पट आणि डिंक.

आणि पहिल्याच डावात घोटाळा झाला.

माझी नात सात वर्षांची. मंदिरात न्यायच्या लाडवांतला एक तिनं सकाळी खाल्ला होता आणि ‘मी नाही खाल्ला’ म्हणून सांगितलं होतं. सगळ्यांना ते माहीत होतं. दुपारी तिची सोंगटी नेमकी ‘असत्य’च्या घरात पडली. मुलं ओरडली, ‘खोटारडी! खोटारडी!’ ती घसरत नरकाच्या ओळीत गेली, सोंगटी टाकून आतल्या खोलीत पळाली आणि उशीत तोंड खुपसून रडायला लागली. मी जवळ गेले तर विचारते, ‘आजी, मी पाप केलं म्हणून साप चावला का?’

मला उत्तर सुचेना. हो म्हणावं तर कवडीला कर्म ठरवल्यासारखं, आणि नाही म्हणावं तर चिठ्ठ्या कशाला चिकटवल्या? कर्म काही दान टाकून ठरत नाही. आपण जे बांधलं तेच उदयाला येतं. पण उदयाला कधी काय येईल हे मात्र आपल्याला दिसत नाही, दान पडेपर्यंत कवडीही दिसत नाही तशी. खेळ एवढंच दाखवू शकतो. पडल्यावर कसं वागायचं, हे पटावर लिहिलेलं नसतं, ते घरच्यांनी शिकवायचं असतं. आणि आम्ही काय शिकवलं होतं? पडलेल्याला हसायचं.

तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, ‘असत्यच्या घरात मीसुद्धा जाऊन आलेय.’ लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई रोज विचारत, ‘पाणी गाळलंस का?’ एकदा घाईत गाळलं नव्हतं आणि मी ‘हो’ म्हणाले. त्यांनी विश्वासानं त्याच पाण्याचा स्वयंपाक केला, त्या दिवशी त्यांचं एकाशन होतं. त्या गेल्या, मी त्यांना कधीच सांगितलं नाही. चाळीस वर्षांनी ते पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं, तेही सापशिडीच्या पटापाशी. सगळे गप्प झाले. नात माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘लाडू मी खाल्ला होता.’

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. ज्याला साप चावेल त्याला कोणी हसायचं नाही. आधी एखाद्या मोठ्यानं त्या घरातली आपली चूक सांगायची. आणि पहिला सिद्धशिलेवर पोचला म्हणून डाव मोडायचा नाही, शेवटची सोंगटी पोचेपर्यंत सगळ्यांनी बसायचं. आपण ज्याला आलोचना म्हणतो ती वेगळी काय असते?

पत्ते पूर्ण बंद झाले असं खोटं सांगणार नाही, साप चावेल! पण गेल्या दिवाळीत धाकटे दीर पत्त्यातून उठून पटावर येऊन बसले. ‘क्रोध’च्या घरात पडले, आणि त्यांच्या आधी त्यांच्या थोरल्या भावानं आपली गोष्ट सांगितली. ती घरातली गोष्ट आहे, इथे लिहीत नाही. दोघे भाऊ बऱ्याच दिवसांनी नीट बोलले, एवढं पुरे.

या सुट्टीत तुमच्या घरातला पट काढा. चिठ्ठ्या मुलांकडूनच लिहून घ्या. आणि पहिली चूक तुम्हीच सांगा.

जय जिनेंद्र.