आकस्मिक परिवर्तनाचे स्वरूप

इंग्रजीत 'बोल्ट फ्रॉम द ब्लू' असा एक प्रयोग आहे. तोच आशय मराठी वृत्तपत्रे 'निरभ्र आकाशातून वीज कोसळावी तसे' या शब्दांत मांडतात. हा प्रयोग करण्याचा अधिकार कोणाला असतो आणि कोणाला नसतो, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. उदाहरणे वर्धा जिल्ह्यातील नाचणगाव व त्याच्या पंचक्रोशीतून घेतली आहेत. कापूस, रेल्वे आणि दारूगोळा या तीन कारणांनी या भूभागाने अशा परिवर्तनांचे बहुतेक प्रकार अनुभवले आहेत.

प्रथम संज्ञा निश्चित केल्या पाहिजेत. पूर्वीच्या अवस्थेवर बेतलेला व्यवहार ज्या बदलानंतर पुढे चालू शकत नाही, त्यास परिवर्तन म्हणावे. ज्याची पूर्वचिन्हे अनुभवणाऱ्यापर्यंत पोचलेली नसतात ते परिवर्तन आकस्मिक होय. ज्यात आधीची आणि नंतरची घडी एकमेकींशी जुळत नाही ते विसंवादी होय. ही दोन लक्षणे परस्परांपासून स्वतंत्र आहेत. विसंवाद हा दोन अवस्थांमधील संबंध आहे, तर आकस्मिकता हा घटना आणि तिचा साक्षी यांमधील संबंध आहे. त्यामुळे एकच घटना एकाला आकस्मिक आणि दुसऱ्याला अपेक्षित असू शकते. व्यवहारात दोन्ही लक्षणे 'धक्का' या एकाच शब्दात मिसळली जातात, आणि पुढील गोंधळ तेथून सुरू होतो.

आकस्मिकतेवाचून विसंवाद कसा असतो, हे पुलगाव स्थानकाने दीर्घकाळ दाखवले. नाचणगावाला लागून असलेल्या या स्थानकातून मुंबई-नागपूर मार्ग जातो. त्याच्या रुळांतील अंतर 1676 मिलिमीटर. येथूनच आर्वीकडे 1917 मध्ये सुरू झालेला सुमारे 35 किलोमीटरचा अरुंद मार्ग निघे, त्याचे अंतर 762 मिलिमीटर. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चढणे अशक्य होते. आर्वीकडून आलेली कापसाची प्रत्येक गाठ येथे उतरवून पुन्हा चढवावी लागे आणि प्रवाशाला सामानासह गाडी बदलावी लागे. याहून पूर्ण विसंवाद कल्पिता येणार नाही. तथापि कोणीही त्यास वज्राघात म्हटले नाही, कारण खंडाचे स्थळ ठरलेले होते, वेळ ठरलेली होती आणि तो खंड भरून काढणारे हमाल तेथे उभे होते. यावरून असे निष्पन्न होते की केवळ विसंवादाने आघात होत नाही. पूर्वसूचना असेल तर समाज त्या विसंवादाभोवती व्यवस्था उभारतो.

आता आकस्मिकतेकडे वळावे, आणि त्यासाठी विजेचेच उदाहरण शास्त्रदृष्ट्या तपासावे. निरभ्र आकाशातून वीज निर्माण होत नाही. काही विजा गर्जनमेघाच्या वरच्या भागातून निघतात, मेघाबाहेर आडव्या प्रवास करतात आणि कधी पंधरा किलोमीटरांहूनही दूर, जेथे डोक्यावर ऊन असते, तेथे जमिनीवर उतरतात. आकाश निरभ्र असते ते निंदणी करणाऱ्या मजुराच्या माथ्यावर; मेघ असतो क्षितिजापलीकडे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप 20 व 40 किलोमीटर परिघातील विजांची सूचना देते, ते याच कारणाने. ज्याच्या हाती ती सूचना आहे त्याचे आकाश निरभ्र राहत नाही.

पूर्वचिन्हे जेथवर दिसू शकतात त्या मर्यादेस येथे क्षितिज म्हटले आहे. क्षितिजे तीन प्रकारची: (1) स्थलाचे, (2) कालाचे, (3) अधिकाराचे.

स्थलाच्या क्षितिजाचे उदाहरण 1865 चे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 पासून इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि हिंगणघाटच्या कापसास अपूर्व भाव आला. युद्ध संपताच भाव उतरला, मुंबईचा शेअर बाजार कोसळला. नागपूरपर्यंत रेल्वे पोचली ती 1867 मध्ये. म्हणजे वर्धेच्या खोऱ्यातील कापूस बंदराकडे वेगाने नेणारा मार्ग पुरा होण्याआधीच तेजी ओसरली होती. येथील शेतकऱ्याला या उताराचे कारण दिसणे शक्य नव्हते. त्याच्या बाबतीत वाक्प्रचार यथार्थ ठरतो.

कालाचे क्षितिज अधिक सूक्ष्म आहे, कारण येथे चिन्हे समोर असतात. मात्र ती इतकी सावकाश वाढतात की कोणत्याही एका दिवशी ती बदल म्हणून जाणवत नाहीत. 2017 च्या खरिपात विदर्भातील पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळीने जे केले त्याचे वर्णन बहुतेकांनी अचानक आलेले संकट असे केले. क्रम पाहावा. भारतात एका जनुकाच्या बीटी कापसास 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांच्या वाणास 2006 मध्ये. पहिल्या वाणास दाद न देणारी अळी गुजरातेत 2010 च्या सुमारास नोंदली गेली. पुढील काही वर्षांत दुसऱ्या वाणाचीही तीच गत झाली. फरदड, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही तेच पीक शेतात राखून पुन्हा बोंडे घेण्याच्या प्रथेमुळे अळीला हंगाम संपल्यावरही अन्न मिळत राहिले. बियाण्याच्या पाकिटासोबत येणारे बिगरबीटी बियाणे बांधालगत लावले असते, तर प्रतिकाराचा वेग मंदावला असता. ते क्वचितच लावले गेले.

या अळीचे वैशिष्ट्य असे की ती बोंडाच्या आत राहते. प्रवेशाचे छिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून हिरवे, टणक, निर्दोष दिसते. फोडल्यावरच पिवळा पडलेला रुईचा कप्पा आणि पोखरलेली सरकी हाती येते. तथापि एक चिन्ह बाहेरही असते: पाकळ्या एकमेकींना चिकटून न उमललेले फूल, ज्यास शेतकरी डोमकळी म्हणतो. दुसरे चिन्ह कामगंध सापळ्यात मिळते. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आढळले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानतात. म्हणजे चिन्हे होती, ती वाचण्याची रीत होती, तिचे मापही ठरलेले होते. मग आकस्मिकता कोणाची? ज्याला डोमकळी कोणी दाखवलीच नाही, त्या कोरडवाहू शेतकऱ्याची खरी. बियाणे विकणाऱ्याची व प्रतिकाराचे अहवाल हाती असलेल्या यंत्रणेची नव्हे. एकाच पिकाच्या एकाच नाशाविषयी हे दोन पक्ष समान शब्द वापरतात, हे मला या विषयातील सर्वांत गंभीर तथ्य वाटते.

अधिकाराच्या क्षितिजात चिन्हे दृश्य व मोजलेली असतात. ती कुंपणाच्या एका बाजूस राहतात, इतकेच. पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार हे देशातील सर्वांत मोठे. 31 मे 2016 च्या पहाटेआधी तेथे आग लागून स्फोट झाले. दोन अधिकाऱ्यांसह किमान 16 जण मृत्यू पावले आणि त्यांत आग विझवण्यास धावलेल्यांची संख्या मोठी होती. लगतच्या गावांतील लोकांना रात्रीच घरे सोडावी लागली. रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत असल्याचा दोष त्यानंतर चर्चेत आला. पाझरणे ही क्षणाची क्रिया नव्हे. ती महिन्यांची, वर्षांची असते, आणि साठ्याच्या तपासणीत टिपता येते. स्फोट क्षणात होतो. स्फोटक्षमता हळूहळू साठते. कुंपणाबाहेर झोपलेल्या माणसाला या दोहोंपैकी फक्त पहिली गोष्ट कळली.

येथून प्रयोगाचा नियम मिळतो. घटना शीघ्र होती एवढ्याने वाक्प्रचार सिद्ध होत नाही. वक्त्याच्या क्षितिजात तिचे चिन्ह नव्हते, हेही दाखवावे लागते. ते दाखवण्याचा भार बोलणाऱ्यावर असतो, आणि ज्याच्या हाती नोंदवही आहे त्याच्यावर तो सर्वाधिक. हा नियम मोडला म्हणजे वाक्प्रचार वर्णन करणे सोडून दोषमुक्त करू लागतो, कारण विजेला कर्ता नसतो.

नियमाची परीक्षा त्याच परिसरात पुन्हा झाली. 20 नोव्हेंबर 2018 रोजी भांडाराजवळच्या सोनेगाव (आबाजी) येथे, निकामी करण्यासाठी आणलेला जुना दारूगोळा उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण दगावले. मृतांत आसपासच्या खेड्यांतून रोजंदारीवर आलेले मजूर होते. जुन्या स्फोटकाची हाताळणी धोक्याची असते ही माहिती अडीच वर्षांपूर्वीच्या आगीनंतर कोणत्याही जबाबदार कार्यालयाच्या क्षितिजाबाहेर असू शकत नव्हती. पेटी खांद्यावर घेणाऱ्याला मात्र तिच्यावरील क्रमांक व वर्ष यांचा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या दिवसाविषयी आकाश निरभ्र होते असे म्हणण्याचा अधिकार त्या मजुरांना आणि त्यांच्या घरच्यांना पोचतो. काम सोपवणाऱ्या कोणालाही तो पोचत नाही.