फाळाच्या जिवावर चाललेले दुकान

किर्लोस्करांच्या नांगराची गोष्ट आपण नेहमी कारखान्याच्या बाजूने ऐकतो. बेळगावचे सायकलचे दुकान, १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर वसलेली किर्लोस्करवाडी, लोखंडाने जमीन नासते म्हणून नांगराला हात न लावणारे शेतकरी. गोष्ट खरीच आहे. पण वाडीतून निघालेला नांगर तालुक्याच्या पेठेत ज्या दुकानापुढे उभा राहिला, त्या दुकानदाराचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. माझे वडील अवजारांचे असेच दुकान चालवत. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे; त्यांच्या वह्या वाचता वाचता या विषयाला लागलो.

नांगर विकून दुकान चालत नाही, हे पहिल्या वहीतच कळते. खोल नांगरट उन्हाळ्यात, मृगापूर्वी. विक्रीचे दिवस तेवढेच. माल मात्र आधी भरून ठेवायचा. भाडे आणि नोकराचा पगार बारा महिने. शिवाय चांगला नांगर वर्षानुवर्षे टिकतो, त्यामुळे तेच गिऱ्हाईक नव्या नांगरासाठी लवकर फिरकत नाही. ते फिरकते फाळासाठी. फाळ झिजतो, नटबोल्ट हरवतात. दुकान जगते ते या किरकोळ मालावर.

इथे एक बदल घडला, त्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. लाकडी नांगराचा फाळ गावचा लोहार भात्यावर तापवून शेवटून देई आणि सुगीत खळ्यावरून बलुते नेई. ओतीव फाळ असा ठोकता येत नाही, तो तडकतो. म्हणजे नवा फाळ पेठेतून, रोख पैसे मोजून आणायचा. लोहाराचे काम दुकानदाराकडे आले, पण शेतकऱ्याची सवय बलुत्याचीच राहिली: आता न्यायचे, सुगीला द्यायचे. या व्यवहाराला आपण उधारी म्हणतो. मला ती रुपयांत लिहिलेली बलुतेदारी वाटते. फरक एवढाच, की लोहाराला लोखंडासाठी कारखान्याची हुंडी भरायची नव्हती.

अवजारांसाठी सरकारी कर्जाची सोय नव्हती असे नाही. १८८४ च्या कायद्याने बी-बियाणे, बैल, अवजारे यांसाठी तगाई मिळू शकत होती. १९०४ पासून सहकारी पतपेढ्याही आल्या. पण तारण, जामीन, कचेरीच्या खेपा यांपेक्षा ओळखीच्या दुकानदाराची वही जवळची.

त्या वहीचे गणित कठोर असते. समजा, शंभराच्या मालात दहा रुपये सुटतात. दहा गिऱ्हाइकांपैकी एकाने बुडवले, तर उरलेल्या नऊ जणांचे नऊशे रुपये मालाच्या खरेदीतच संपतात. नफा शून्य, भाडे, पगार, व्याज घरातून. १९२९ नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा वहीतला आकडा होता तेवढाच राहिला. तो फेडायला लागणारे धान्य मात्र वाढले. तेव्हा किती चांगली माणसे 'बुडवी' ठरली असतील!

पुढे इंजिने, पंप आले, ट्रॅक्टर आले. १९७१ साली सरकारने ट्रॅक्टरच्या वाटपावर नियंत्रण आणले. तेव्हा ट्रॅक्टर विकणाऱ्यापुढे गिऱ्हाइकांची रांग होती आणि मालाची टंचाई. वडिलांसारख्या नांगर-पंपवाल्यांची अडचण नेमकी उलटी.

१९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, इंजिने बंद पडली, बैल छावणीत किंवा बाजारात गेले. फाळ झिजायला नांगरट तर हवी! ज्या कंपनीचा माल होता (नाव लिहीत नाही), तिची वसुलीची पत्रे मात्र वेळेवर येत. आईच्या पाटल्या त्याच वर्षी गेल्या, हे मला फार उशिरा कळले.

त्या वर्षाच्या वहीत थकबाकीदारांच्या नावांपुढे वडिलांच्या अक्षरात बारीक शेरे आहेत: 'बैल विकले', 'खडी फोडायला', 'मुंबईस गेला'. व्याज कुणाच्याच नावावर चढवलेले नाही. मी लहानपणी त्यांना हिशेबात कच्चे समजत असे. पुढच्या वहीत जमेच्या बाजूला रुपये थोडे आणि ज्वारीची पोती पुष्कळ दिसतात. ती अडतीवर विकून वडिलांनी कंपनीचे देणे भागवले. 'मुंबईस गेला' या नावापुढची जागा अजून कोरी आहे.