धावणाऱ्यांचा गुडघा: भुदरगड-करवीर परिसरातील उपचार आणि आश्रय

भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले गारगोटी वेदगंगेच्या काठी, कोल्हापूरपासून सुमारे 50 किलोमीटरवर वसले असून, 1891 मध्ये मिरजेहून कोल्हापुरात आलेली रेल्वे आजतागायत तिथवर पोहोचलेली नाही. त्यामुळे या डोंगराळ मुलखातला निरोप, माल आणि फौज ही दीर्घकाळ माणसांच्या आणि जनावरांच्या पायांवरच चालली. अशा प्रदेशात गुडघ्याच्या चिवट दुखण्याचा इतिहास शोधू गेल्यास औषधांची माहिती पुष्कळ मिळते, परंतु दुखणाऱ्याला थांबण्याची मुभा कोणाच्या जोरावर मिळत होती हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, आणि खरा फरक तिथेच पडलेला दिसतो.

शास्त्रीय परंपरेला या सांध्याचे मोल फार पूर्वीपासून ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत गुडघ्याची गणना ‘जानुमर्म’ म्हणून, म्हणजे इजा झाल्यास कायमचे व्यंग आणणाऱ्या जागांमध्ये केलेली असून, तिथल्या आघाताने माणूस लंगडा होतो असे सांगितले आहे; वात आणि रक्त यांच्या दुष्टीने गुडघा कोल्ह्याच्या डोक्यासारखा सुजून अतिशय ठणकू लागतो, त्या विकाराला ‘क्रोष्टुकशीर्ष’ हे नाव आहे. खेड्यातला उपचार मात्र ग्रंथापेक्षा परसातून आणि रानातून येत असे. निर्गुडीचा पाला पाण्यात खळखळून उकळायचा, त्याची वाफ गुडघ्यावर घ्यायची, मग आंबेहळद, रक्तबोळ आणि तुरटी सहाणेवर उगाळून केलेला लेप कोमट असतानाच लावून वरून एरंडाचे पान बांधायचे, हा क्रम आजही जुन्या घरांतून ऐकायला मिळतो. एवढ्याने न भागल्यास बिब्बा तापवून त्याच्या तेलाचे ठिपके गुडघ्याच्या वाटीभोवती देत, किंवा सरळ डाग देत. त्वचा पोळून फोड येत आणि नव्या वेदनेपुढे जुनी काही काळ मागे पडे. शेकाने ताठरपणा सैल होतो यात शंका नाही, पण बिब्ब्याच्या उपायात दुखणे बरे होण्यापेक्षा विसरण्याचाच भाग मोठा होता, आणि त्याने झालेल्या जखमा चिघळल्या की मूळ दुखण्याहून त्या भारी पडत.

करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात गुडघ्याची सर्वाधिक काळजी वाहिली गेली ती तालमीत. शाहू छत्रपतींनी मल्लांना राजाश्रय दिला, त्यांच्या खुराकाची सोय केली आणि 1912 पर्यंत कुस्तीचे खासबाग मैदान उभे केले. त्यामुळे निखळलेला किंवा लचकलेला सांधा घेऊन बसलेल्या पैलवानाची चूल बंद पडत नसे आणि वस्तादाच्या हाताखाली मालिश करून घेत तो थांबू शकत असे. जोर-बैठकांची संख्या हळूहळू चढवत नेण्याची रीतही त्याच शिस्तीचा भाग होती. अर्थात आश्रय असला तरी प्रत्येक गुडघा सावरला असे नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले, परंतु 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकपूर्वी झालेल्या गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्यांची कुस्तीच संपली. त्या काळी सांध्यातली फाटलेली कूर्चेची गादी काढायची म्हणजे गुडघा उघडावा लागे. दुर्बिणीतून तिचा फाटका भाग तेवढा काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जपानमध्ये मासाकी वातानाबे यांनी केली ती 1962 मध्ये.

धावणाऱ्याच्या वाट्याला असा आश्रय कधीच आला नाही. मराठेशाहीत जासूद, म्हणजे पायी पत्रे पोहोचवणारे निरोपे, बहुधा जोडीने जात. त्यांतल्या मोलाने नेमलेल्या अजुरदारांची मजुरी ठरल्या मुदतीत पत्र पोहोचण्याशी बांधलेली असे, आणि मुदतीशी बांधलेल्या माणसाला दुखऱ्या पायासाठी आठवडाभर बसणे परवडत नसणार हे उघड आहे. पुढे धावणे हा खेळ झाला, तेव्हाही धावपटूसाठी खासबागेसारखे काही उभे राहिले नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, हे या सीमाभागातल्या मोजक्या वाचकांनाच ठाऊक असते. खाशाबांइतकी स्मारके त्यांना लाभली नाहीत.

धावपटूच्या गुडघ्याचे स्वतंत्र निदान पाश्चात्त्य वैद्यकातही उशिराच स्थिर झाले. 1906 मध्ये ब्यूडिंगर या शल्यचिकित्सकाने वाटीच्या आतल्या कूर्चेला पडलेल्या भेगांचे वर्णन केल्यावर दीर्घकाळ सारा दोष कूर्चेवर ठेवला गेला. परंतु पुढे भेगा असूनही न दुखणारे आणि भेगा नसूनही दुखणारे असे दोन्ही प्रकारचे गुडघे आढळले, तेव्हा वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीत सरकताना तिच्यावर येणारा भार आणि तो पेलण्याची स्नायूंची तयारी यांच्या प्रमाणाकडे लक्ष वळले. जिना किंवा उतार उतरताना, तसेच बराच वेळ मांडी घालून बसल्यावर वाटीमागे होणारी वेदना ही याच प्रकारची. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची वेदना निराळी असते. मांडीच्या बाजूने खाली येणारा जाड पट्टा तिथे त्रास देतो, आणि त्याचे वर्णन रेने यांनी 1975 मध्ये केले ते अमेरिकी मरीन दलात प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांवरून. अचानक वाढलेली धाव आणि न थांबता येणारे वेळापत्रक ही त्या निरीक्षणाची पार्श्वभूमी गारगोटीच्या वाचकाला परकी वाटणार नाही.

कारण या तालुक्यात आज धावणारा तरुण बहुतांशी भरतीसाठी धावतो. बेळगावात 1922 पासून मराठा रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि दक्षिण कोल्हापुरात फौजेची नोकरी ही घराण्याची रीत म्हणून रुजलेली आहे. आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी गारगोटीत मौनी विद्यापीठाच्या रूपाने ग्रामीण शिक्षणाचा मोठा प्रयोग उभा केला, तरी शिकलेल्या मुलाला नोकरीसाठी मैदानावर उतरावेच लागते. 2022 मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेने वयाची सर्वसाधारण मर्यादा साडेसतरा ते एकवीस वर्षे ठेवली, आणि 1600 मीटरच्या धावेत पूर्ण गुणांसाठी साडेपाच मिनिटांची वेळ ठरली. वाटीमागच्या दुखण्यावर आजचा मान्य उपचार असा की धाव पूर्ण बंद न करता वेदना वाढणार नाही इतकी कमी करायची, उतार टाळायचे, मांडीच्या पुढच्या स्नायूंना आणि नितंबाच्या स्नायूंना व्यायामाने बळ द्यायचे आणि मग अंतर थोडे थोडे वाढवत न्यायचे. सूज, सांधा अडकणे किंवा पाय अचानक ढासळणे यांपैकी काही असल्यास मात्र अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाणे आवश्यक ठरते. या उपचाराला खर्च फारसा लागत नाही, महिने लागतात. वेदनाशामक गोळी घेऊन सराव करणारा मुलगा अडाणी आहे असे समजणे म्हणूनच चुकीचे आहे. पुढच्या भरतीपर्यंत आपले वय उलटेल हा त्याचा हिशेब बरोबर असतो, आणि शाहूकालीन पैलवानाला जो खुराक बसल्या जागी मिळत होता त्याच्या जागी या मुलाच्या घरी बहुधा प्रशिक्षण अकादमीच्या शुल्कासाठी काढलेले कर्ज असते.