बिनधुराच्या बसचं धुराडं

तिरोड्यात सिटी बस नाही. तरी पुण्या-मुंबईत विजेवर धावणाऱ्या बसची कुळकथा इथूनच सांगावी लागते. धानाच्या बांध्यांपलीकडे औष्णिक वीज केंद्राची धुराडी उभी आहेत. 660 मेगावॉटचे 5 संच, एकूण 3300. इथली बहुतेक वीज महावितरण घेते आणि ती 765 केव्हीच्या तारांवरून पश्चिमेकडे निघते.

‘ई-बस’ हा शब्द कालचा, पण तिचं कूळ जुनं. मुंबईत 1874 साली ट्रॅम आली ती घोड्यांनी ओढलेली. 7 मे 1907 ला घोडे सुटले आणि ट्रॅम विजेवर धावू लागली. रस्त्यावरची लीद गेली, मात्र वीज कोळशाचीच होती. वाडीबंदरच्या केंद्रात वाफेवर तयार होणारी. म्हणजे धुराडं होतं, फक्त गाडीवर नव्हतं.

पुढची पिढी ट्रॉलीबसची. 1962 साली ती गवालिया टँक ते माझगाव धावू लागली. चाकं रबराची, पण टपावरचे दोन दांडे वरच्या तारांना टेकलेले. दांडा तारेवरून निसटला की बस जागच्या जागी थांबायची. मग मागची दोरी ओढून तो पुन्हा तारेला लावायचा. ट्रॅम 1964 ला गेली, ट्रॉलीबस 1971 ला. रस्ता डिझेलला मोकळा झाला.

मग तार बॅटरीत शिरली. पुण्यात 2019 साली पीएमपीच्या ई-बस आल्या. 1 जून 2022 ला एसटीची ‘शिवाई’ पुणे-अहमदनगर मार्गावर निघाली. 1948 साली याच तारखेला, याच मार्गावर पहिली एसटी धावली होती. शिवाईला ना दांडे, ना दोरी. रात्री आगारात प्लग लावला की सकाळी बस तयार.

या बसला ‘शून्य उत्सर्जन’ म्हणतात. ते शून्य सायलेन्सरपाशी मोजलेलं असतं. बसमागे दुचाकीवर अडकलेल्या माणसाला त्याची किंमत विचारा. ते खोटं नाही. पण ग्रिडमध्ये सगळी वीज एक होते. त्या प्लगमागची तार ओढत गेलं तर सह्याद्रीतलं धरणही लागतं, माळावरचं सौर पॅनेलही आणि तिरोड्याचं धुराडंही. शहराचा धूर थोडा आमच्याकडे राहायला आला आहे.

तरी या कुळाचा एक गुण सांगायला हवा. 1915 साली खोपोलीला टाटांची जलविद्युत सुरू झाली आणि पुढे मुंबईची ट्रॅम कंपनीही टाटांकडून वीज घेऊ लागली. रूळ तेच, डबे तेच. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोळशाच्या जागी पाणी आलं. डिझेलच्या बसला हे जमत नाही, तिची चूल तिच्या पोटातच असते. विजेच्या बसची चूल बदलता येते. ती बदलायची जागा मात्र बस आगार नव्हे, तिरोडा आहे.