मासळीचा माग

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला आणि पावसाचा जोर ओसरू लागला, की कोकणातील व गोव्यातील मच्छीमारांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : मासळी कोठे आहे? प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीच्या इतिहासाचा मोठा भाग ह्या प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांनीच व्यापलेला आहे.

किनाऱ्यावरून गरी टाकणाऱ्याला किंवा पाग फेकणाऱ्याला सारा समुद्र नको असतो. त्याला हवी असते नेमकी जागा. ती त्याला वाहत्या पाण्यात सापडते. ओहोटी लागली, की खाडीतील पाणी आपल्याबरोबर कोळंबीची व लहान माशांची पिल्ले घेऊन समुद्राकडे धावते. खाडीच्या मुखाशी मोठे मासे त्यांची वाट पाहत असतात. जेथे खडप संपून वाळू लागते, तेथेही त्यांना आसरा आणि भक्ष्य दोन्ही लाभतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी जोराने चढते-उतरते. अष्टमीच्या भांगात ते मंदावते. म्हणूनच मच्छीमाराच्या घरी घड्याळाआधी तिथी पाहिली जाई.

उलांडीची लहान होडी घेऊन थोडे आत जाणाऱ्याची रीत निराळी. पाण्याखालचा खडक डोळ्यांना दिसत नाही. पण किनाऱ्यावरची टेकडी, देवळाचे शिखर, चर्चचा मनोरा, एखादा उंच माड ही सर्व दिसतात. दोन खुणा एका रेषेत आल्या आणि दुसऱ्या बाजूच्या दोन खुणाही तशाच जुळल्या, की त्या दोन रेषा जेथे छेदतात तेथे नांगर टाकावयाचा. कागदावर न काढलेला हा नकाशा बापाकडून मुलाकडे येई आणि सहसा परक्याच्या हाती पडत नसे.

ह्या विद्येचे सर्वांत भव्य रूप म्हणजे रापण. गोव्यात तिलाच रांपण म्हणतात. एखादा जाणता माणूस किनाऱ्यावरून अथवा होडीतून समुद्र निरखीत राही. पाण्यावर काळसर डाग दिसला, वारा नसता पृष्ठभाग थरथरला, पक्षी एकाच ठिकाणी झेपा घेऊ लागले, की बांगड्यांचा किंवा तारल्यांचा थवा आला हे तो ओळखी. काळोख्या रात्री तर थव्याच्या हालचालीने पाण्यातील सूक्ष्म जीव चमकत आणि मासे आपला ठावठिकाणा आपणच सांगत. मग जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळ घेई आणि दोन्ही टोके गावकरी मिळून ओढीत. मासळीचे वाटे होत. रापण हे नुसते जाळे नव्हते. ती गावाची एक सहकारी संस्थाच होती.

हे थवे पावसाळ्यानंतरच किनाऱ्याजवळ का येतात, ह्याचे मर्म शास्त्रज्ञांनी पुढे उलगडले. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यातील जेम्स हॉर्नेल ह्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत तारल्यांचा आणि त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्या अन्नाच्या ओढीने मासे येतात. मच्छीमाराने जो रंग ओळखला होता, त्याच्यामागचे कारण शास्त्राने सांगितले.

1961 साली गोवा मुक्त झाल्यानंतर यांत्रिक नौकांना सरकारी उत्तेजन मिळाले. ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडू लागले. पाठोपाठ 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी पसरली. ही जाळी थव्याला भर समुद्रातच वेढतात आणि बटव्याची दोरी आवळावी तशी खालून आवळली जातात. किनाऱ्यावरच्या जाणत्याची नजर पूर्वीइतकीच तीक्ष्ण होती. पण तिच्या टप्प्यात येण्यापूर्वीच मासा उचलला जाऊ लागला. कारवारपासून दक्षिणेकडील रापणी पाहता पाहता ओस पडल्या.

गोव्यातील रापणकारांनी हे मुकाट्याने सोसले नाही. माथानी साल्ढाणा ह्यांच्यासारख्या नेत्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मोर्चे काढले, उपोषणे केली आणि किनाऱ्यालगतचा पट्टा लहान मच्छीमारांसाठी राखून ठेवावा अशी मागणी केली. 1980 साली गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. 1981 साली महाराष्ट्राचाही झाला. कायदा कागदावर आला, तरी समुद्रावर रेघ ओढता येत नाही. आणि म्हणूनच तंटा मिटला नाही.

पुढे माग काढण्याचे काम आकाशातून होऊ लागले. 1999 साली हैदराबादेत स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांनी टिपलेले पाण्याचे तापमान व रंग पाहून मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे ते कळविते. पाण्याचा रंग पाहणे हीच जुन्या जाणत्याची विद्या. फक्त डोळा उंच गेला. दुसरीकडे काहींनी माग काढण्याचे कष्टही टाळले आणि प्रखर दिव्यांनी मासाच जवळ बोलावण्यास आरंभ केला. 2017 साली केंद्र सरकारला त्यावर बंदी घालावी लागली.

जुन्या जाणत्याला मासा नेहमीच सापडे असे नाही. त्याची नजर चुके, वारा फिरे, थवा निसटे. आणि जो निसटे तोच पुढच्या वर्षाचे बियाणे होई. त्याच्या अपुऱ्या साधनांतच समुद्राचे रक्षण होते. आजची साधने सहसा चुकत नाहीत. म्हणून जे काम पूर्वी चुकीने होत असे, ते आता माणसाला विवेकाने करावे लागणार आहे. मासळी कोठे आहे, ह्याचे उत्तर उपग्रह देऊ शकेल. त्यांतील किती घ्यावी आणि किती सोडावी, हे मात्र किनाऱ्यावरच्या माणसांनीच ठरवावयाचे आहे.