मुंबई उड्डाण माहिती क्षेत्रातील सीमापार सुरक्षा

मुंबई उड्डाण माहिती क्षेत्रातील सीमापार सुरक्षा म्हणजे पश्चिम भारत व अरबी समुद्रावरील हवाई क्षेत्रात विमान अपहरण, बॉम्बची धमकी किंवा अनधिकृत प्रवेश अशा प्रसंगी शेजारी देशांच्या नियंत्रण केंद्रांच्या समन्वयाने केले जाणारे व्यवस्थापन होय. या क्षेत्रातील हवाई वाहतूक सेवा भारतीय विमानतळ प्राधिकरण पुरवते. कराची, मस्कत व माले ही त्याच्या शेजारच्या क्षेत्रांपैकी काही आहेत.

अधिकारक्षेत्र

१९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील व प्रादेशिक समुद्रावरील आकाशात पूर्ण सार्वभौमत्व आहे. भारताचा प्रादेशिक समुद्र किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत आहे. उड्डाण माहिती क्षेत्र मात्र त्याच्या फार पलीकडे पसरलेले आहे. खुल्या समुद्रावर भारताकडे वाहतूक सेवेची जबाबदारी असते, सार्वभौमत्व नसते. त्यामुळे तेथील संशयास्पद विमानाबाबत शेजारी केंद्राकडून वेळेवर मिळणारी माहिती निर्णायक ठरते.

कार्यपद्धती

विमान एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जाण्यापूर्वी त्याची ओळख, उंची व सीमाबिंदूवर पोहोचण्याची अपेक्षित वेळ पुढील केंद्रास कळवली जाते. अपहरण झाल्यास वैमानिक ट्रान्सपॉन्डरवर ७५०० हा संकेतांक लावतो; ७६०० हा संपर्क तुटल्याचा आणि ७७०० हा सर्वसाधारण आणीबाणीचा संकेत आहे. असा संकेत मिळताच नियंत्रक त्या विमानास प्राधान्य देतो, इतर विमाने दूर ठेवतो आणि हवाई दलास व मार्गावरील पुढील केंद्रांना सूचना देतो. धमकी कितपत विश्वासार्ह आहे, हे नियंत्रक ठरवत नाही. ते काम बॉम्ब धमकी मूल्यांकन समितीचे असते.

१९८३ मध्ये सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियन एअर लाइन्सचे विमान पाडल्यानंतर, १९८४ मध्ये शिकागो करारात ३ बिस हे कलम समाविष्ट करण्यात आले. उड्डाण करीत असलेल्या नागरी विमानाविरुद्ध शस्त्रवापर टाळण्याचे बंधन त्याद्वारे राष्ट्रांवर आले.

पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यास जवळचा असलेला पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ असून तेथील हवाई वाहतूक नियंत्रण हवाई दलाकडेच आहे.

प्रमुख घटना

१७ डिसेंबर १९९५ च्या रात्री कराचीहून वाराणसीमार्गे कोलकात्याकडे निघालेल्या अँतोनोव्ह एएन-२६ विमानातून पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात शस्त्रे टाकण्यात आली. तेच विमान काही दिवसांनी थायलंडमधील फुकेटहून परतताना मुंबईत उतरवण्यात आले. पीटर ब्लीच व विमानाचे कर्मचारी पकडले गेले. मुख्य संशयित किम डेव्ही मात्र निसटला. नोंदलेला प्रवासमार्ग हा विमानाच्या हेतूचा पुरावा ठरत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

१४ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईहून न्यू यॉर्कला निघालेले एअर इंडियाचे एआय-११९ हे विमान बॉम्बच्या धमकीमुळे दिल्लीकडे वळवण्यात आले. त्या महिन्यात भारतीय विमानांना अशा अनेक खोट्या धमक्या आल्या.

मर्यादा

किनाऱ्यापासून दूर समुद्रावर रडार पोहोचत नाही. तेथे नियंत्रक उपग्रहाद्वारे मिळणारे स्थानसंदेश व उच्च वारंवारतेचा रेडिओ यांवर अवलंबून असतो. हे दोन्ही मार्ग विमानाच्या सहकार्यावर चालतात. ट्रान्सपॉन्डर व रेडिओ बंद केलेल्या विमानाचा माग काढण्यास लष्करी यंत्रणा व शेजारी केंद्रांचीच मदत घ्यावी लागते. उपग्रहीय दिशादर्शनात होणाऱ्या हस्तक्षेपाबाबत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक परिपत्रक काढले.